चाहूल

आमच्या सीमाभागात एकेक शब्द दोन घरी नांदतो. मराठीत आपण 'मूग गिळून बसणे' म्हणतो. कन्नडात नाकाला 'मूगु' म्हणतात आणि मुक्या माणसाला 'मूग'. नववीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवताना ही गंमत मी कित्येक वर्षे सांगत आलो. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणारी आमची मुले. ती चटकन हसतात. आताशा मी ही गंमत सांगत नाही. आमच्या घरातल्या एका नाकाच्या दुखण्यापायी आम्ही सगळे दोन वर्षे मूग गिळून बसलो होतो. त्या मौनाची किंमत ज्याने मोजली, तो त्या मौनात सामील नव्हता.

मी धंद्याने शिक्षक. 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहिण्याचा मला पगार मिळतो. म्हणून जे घडले ते आधी सरळ सांगतो. त्याचा विचार मागाहून करू.

माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, आमचे भावोजी, खानापुरात फर्निचर करीत. मराठी चौथी झाल्यावर त्यांनी शाळा सोडली आणि पंधरा-सोळाव्या वर्षी हातात रंधा धरला. सागवान आणि शिसव यांच्या भुशातच त्यांचा जन्म गेला. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर भुसा असायचा, नाक शिंकरले की रुमालावर तपकिरी डाग उमटायचा. त्याचे कोणाला काही वाटत नसे. पिठाच्या गिरणीवाल्याच्या अंगावर पीठ असायचेच.

२०१३ साली त्यांचे उजवे नाक बंद झाले. चार महिने 'सर्दी मुरलीय' म्हणून काढले. मग त्या बाजूने रक्ताळलेला शेंबूड येऊ लागला, तेव्हा दवाखाना झाला. दुर्बिणीने नाकात पाहिले, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि कर्करोग ठरला. शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ सहा आठवडे शेक झाले. डॉक्टरांनी मला आणि भाच्याला बाहेर बोलावून सगळे समजावले होते. पेशंटला किती सांगायचे ते तुम्ही ठरवा, असे ते म्हणाले.

आम्ही ठरवले. दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहाचे कप पुढ्यात ठेवून, पाच मिनिटांत ठरवले. भावोजींना सांगितले, "नाकात मांस वाढलं होतं, ते काढलं. परत वाढू नये म्हणून लाइट देतात." बाहेरची पाटी इंग्रजीत आणि कन्नडात होती, ती त्यांना वाचता येत नव्हती. शेकाच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या बऱ्याच घरांनी आमच्यासारखेच ठरवलेले असावे, कारण तिथे रोगाचे नाव कोणीच काढत नसे. सगळे एकमेकांना 'कुठल्या गावचे?' एवढेच विचारीत.

डॉक्टरांनी दर दोन महिन्यांनी दाखवायला सांगितले होते. पहिले वर्ष भावोजी आले. पुढे म्हणू लागले, "बरा झालोय की आता. कशाला उगीच भाडं घालवायचं?" लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, मग गणपती आले. आम्हाला आग्रह करता येईना. फार आग्रह केला असता तर त्यांनी विचारले असते, नुसत्या मांसासाठी एवढे कशाला? खोटे बोलण्यातली ही अडचण कँटीनमध्ये कोणाच्या डोक्यात आली नव्हती. आम्ही त्यांच्या कानांवर पडदा टाकला होता, आणि तोच पडदा आमच्या तोंडावर पडला होता.

२०१५ च्या शिमग्याच्या सुमारास दाढी करताना त्यांच्या ध्यानात आले की डाव्या गालावर वस्तरा लागतो तसा उजव्यावर लागत नाही. डोळ्याखालची, नाकाशेजारची तळहाताएवढी जागा बधिर झाली होती. ते कोणाला बोलले नाहीत. महिन्याभराने उजवीकडची वरची दाढ हलू लागली. गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी ती काढून घेतली. 'तुम्हाला आधी काय आजार झाला होता?' असे त्या डॉक्टरांनी विचारले असेल, तर भावोजींनी आम्ही पढवलेले उत्तर दिले असणार. दाढेची जखम भरेना. श्रावणात अक्काचा फोन आला, "अरे, ह्यांचा उजवा डोळा मोठा दिसायलाय मला. माझ्याच नजरेचा दोष आहे का बघायला ये." तिच्या नजरेचा दोष नव्हता. गाल बधिर झाल्यापासून पाच महिने गेले होते.

*

आता थोडे त्या रोगाविषयी. भावोजींच्या आजारपणात जे डॉक्टरांना विचारून आणि वाचून कळले, ते लिहितो. मी डॉक्टर नाही, तेव्हा याला घरच्या माणसाचे ज्ञान समजावे.

नाकाच्या पोकळीचा आणि तिच्या भोवतीच्या सायनसांचा कर्करोग विरळा आहे. लाकडाच्या भुशाशी त्याचा संबंध इंग्लंडमध्ये १९६० नंतरच्या दशकात उजेडात आला. हाय विकम हे तिथले खुर्च्या-टेबलांसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांना दिसले की हा दुर्मिळ रोग त्यांच्याकडे वरचेवर येतो आहे, आणि येणारे बरेच जण फर्निचर करणारे आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पद्धतशीर तपासून १९६८ साली प्रसिद्ध केले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा हा मानवाला कर्करोग करणारा पदार्थ असल्याचे जाहीर केले. खानापूरच्या भावोजींना हे कोणी सांगितले नव्हते. तोंडाला ओला पंचा बांधावा इतकेदेखील नाही.

उपचार झाल्यावर हा रोग परत येऊ शकतो. पहिली दोन-तीन वर्षे जास्त जपायची, म्हणून त्या काळात तपासण्याही जवळजवळ असतात. काही प्रकार मात्र दहा वर्षांनी, त्याहूनही उशिरा डोके वर काढतात. तेव्हा 'पाच वर्षे झाली, सुटलो' हा हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही.

परतीच्या खुणा कोणत्या? एकाच बाजूचे नाक पुन्हा बंद होऊ लागणे. त्या बाजूने रक्त किंवा रक्तमिश्रित, घाण वासाचा स्राव येणे. गाल, वरचा ओठ किंवा वरच्या हिरड्या बधिर होणे, तिथे मुंग्या येणे. कारण हा रोग कधीकधी नसांच्या वाटेने सरकतो. किडलेले नसताना वरचे दात हलणे, किंवा नीट बसणारी कवळी अचानक बसेनाशी होणे. टाळूवर किंवा गालावर सूज. तोंड पूर्वीइतके न उघडणे. एका डोळ्यातून पाणी वाहणे, डोळा पुढे येणे, एकाचे दोन दिसणे. मानेत गाठ. चेहऱ्याच्या एकाच बाजूला ठाण मांडून बसलेले दुखणे.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, यात काय कठीण आहे? कठीण हे आहे की यांतल्या निम्म्या गोष्टी उपचारांनीही होतात. शेक घेतलेले नाक कोरडे पडते, त्यात खपल्या धरतात, क्वचित खपलीबरोबर रक्त येते, वास कमी होतो, डोळ्याला पाणी सुटते. हे महिनोन् महिने, काहींच्या बाबतीत जन्मभर चालते. शिवाय साधी सर्दी कोणाला चुकली आहे? म्हणून नुसती यादी पाठ करून भागत नाही. बदल ओळखावा लागतो, आणि तो ओळखायचा तर आपले रोजचे काय आहे हे आधी ठाऊक हवे. डॉक्टरांनी मला चार प्रश्न सांगितले. हे नवे आहे का? एकाच बाजूला आहे का? वाढते आहे का? दोन-तीन आठवड्यांत हटत नाही का? उत्तरे 'होय' येऊ लागली की पुढच्या तारखेची वाट न पाहता जाऊन दाखवायचे. दृष्टीत फरक पडला, डोळा पुढे आला, रक्त थांबेना, तर आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी निघायचे.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काही वेळा रोग कसलीच खूण न देता परत येतो आणि दुर्बिणीत किंवा स्कॅनमध्येच दिसतो. म्हणून तपासणीची तारीख चुकवायची नाही. याचा दुसरा अर्थ असा की ज्याला उशिरा कळले त्याने हयगय केली, असे कोणी म्हणू नये.

पण आमच्या घरात हयगय झाली होती आणि ती रोग्याची नव्हती. गाल बधिर झाल्याचे कळण्याजोगे ठिकाण जगात एकच होते, भावोजींचा गाल. दुर्बीण दोन महिन्यांनी एकदा पाहते. माणूस स्वतःच्या शरीरात रात्रंदिवस राहतो. त्या एकमेव पहारेकऱ्याला, पहारा कशासाठी आहे हे आम्ही सांगितले नव्हते.

*

खोटे आम्ही का बोललो? प्रेमापोटी, असे तेव्हा वाटले होते. त्यात प्रेम होतेच, ते मी नाकारत नाही. पण आज मागे वळून पाहताना दुसरेही काही दिसते. 'मला काय झालंय?' या प्रश्नाला खरे उत्तर दिल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते बघण्याची आमची तयारी नव्हती. त्यांच्या मनाला धक्का बसेल, असे आम्ही म्हणत होतो. धक्का चुकवायचा होता आमचा आम्हाला.

शिवाय आम्ही धडधडीत खोटेही बोललो नव्हतो. मांस वाढले होते, हे खरेच होते! धर्मराजाचे अश्वत्थाम्याविषयीचे बोलणेही शब्दशः खरे होते. त्या अर्धसत्याने त्याचा चार अंगुळे वर चालणारा रथ जमिनीला टेकला, ही कथा मी दरवर्षी शिकवतो. अप्रिय सत्य बोलू नये, हे सुभाषित आपल्याकडे ऊठसूट सांगतात. त्याच श्लोकात, प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असेही आहे. ते आपण सोयीने विसरतो. श्लोकाचा अर्धा भाग पाठ करणे हेही एक अर्धसत्यच.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याचे मत असे की सत्याचे कर्तव्य परिणामांवर अवलंबून नाही; दारात उभ्या राहिलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये. एम.ए.ला असताना हे मला अतिरेकी वाटले होते, आजही वाटते. पण आमच्या प्रकरणात परिणामांचा हिशेब केला तरी खोटे हरते. कारण त्या खोट्याने त्यांचे दुःख टळले नव्हते. दुःखाची बातमी लवकर देणारा दूत तेवढा आम्ही वेशीवर अडवून ठेवला होता.

या बाबतीत सिग्मंड फ्रॉइड यांची हकीकत विचारात घेण्याजोगी आहे. मनाच्या तळघरात उतरणारे हे व्हिएन्नाचे डॉक्टर. १९२३ साली त्यांच्या उजव्या वरच्या जबड्यात आणि टाळूत कर्करोगाची वाढ निघाली. त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी ती ओळखली, पण फ्रॉइडना खरे सांगितले नाही. हे कळले तर ते जीवन संपवतील, अशी भीती त्यांना वाटली होती. त्या उन्हाळ्यात निकटच्या शिष्यांपर्यंत खरी गोष्ट पोचली होती. ज्याचा रोग होता तोच अंधारात होता. अखेर ऑक्टोबरमध्ये हान्स पिख्लर या सर्जननी जबड्याचा मोठा भाग काढला आणि तोंड व नाक यांच्यामध्ये बसवायचा कृत्रिम पडदा दिला. तो टोचायचा, नीट बसायचा नाही, त्याने बोलणे अडखळायचे. आपल्यापासून हे लपवण्याचा विचार झाला होता हे पुष्कळ वर्षांनी कळले तेव्हादेखील फ्रॉइड संतापले आणि कोणत्या अधिकाराने, असे त्यांनी विचारले, अशी नोंद त्यांचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनी केली आहे. हे जोन्स स्वतः त्या शिष्यांपैकीच एक.

डॉइच यांच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. पुढे मॅक्स शूर हे तरुण डॉक्टर आले, तेव्हा फ्रॉइडनी पहिल्याच भेटीत अट घातली की मला नेहमी खरे सांगायचे. त्या अटीवर पुढची दहा वर्षे गेली. जबड्यात वारंवार संशयित वाढ होई, ती पाहिली जाई, काढली जाई. एकंदर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून लंडनला यावे लागले, तेव्हाही पिख्लर तिथे येऊन शस्त्रक्रिया करून गेले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रॉइड वारले. पहिल्या निदानानंतर सोळा वर्षे ते जगले, आणि या सोळा वर्षांत त्यांनी लिहिणे आणि रुग्ण पाहणे सोडले नाही. त्यांनी सिगार सोडली नाही, हेही सांगितले पाहिजे. खरे माहीत असलेला माणूस शहाणाच वागतो असे नाही. पण मूर्खपणा करायचा तर तोही आपल्या अधिकारात, डोळे उघडे ठेवून करण्याचा मान त्यांना मिळाला. भावोजींना तोही मिळाला नाही.

*

येथवर वाचून, सगळे खरे सांगून टाकावे म्हणजे झाले, असे कोणाला वाटेल. मलाही काही दिवस तसे वाटत होते. पण आमच्या शाळेतल्या एका बाईंचे उदाहरण माझ्यासमोर आहे. त्यांना दुसऱ्या अवयवाचा कर्करोग झाला होता. घर शिकलेले, कोणी काही लपवले नाही. बाई पूर्ण बऱ्या झाल्या. पण बऱ्या झाल्यावरच त्यांचे खरे आजारपण सुरू झाले. अंगाला दहा-दहा वेळा चाचपून पाहायचे, साधा खोकला झाला की रात्रभर जागायचे, आणि पुढच्या तपासणीच्या आधीचा महिना घरात कोणी मोठ्याने हसायचे नाही. एकदा स्टाफरूममध्ये त्या मला म्हणाल्या, "सर, डॉक्टरांनी मला आजारातून सोडवलं. भीतीतून कोण सोडवणार?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणजे एकीकडे ज्याला काहीच माहीत नाही तो, आणि दुसरीकडे ज्याला माहीत असलेलेच खाऊन टाकते ती. एका घरात अंधार आणि दुसऱ्या घरात डोळ्यांवर सतत विजेरी. नैतिक प्रश्न सांगावे की न सांगावे एवढाच नाही. सांगितल्यावर त्या ज्ञानासह माणसाने कसे राहावे, आणि त्याच्या घराने त्याला कसे राहू द्यावे, हाही आहे. सत्य उंबऱ्यात टाकून निघून जाणारा पोस्टमन होणे सोपे आहे.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे: सावधान. तो लग्नात अंतरपाटाशी म्हणतात. तो ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थांची आख्यायिका आपण सारे जाणतो, आणि दासबोधातही सावधपणावर त्यांचा केवढा भर आहे. पण बाकीची सगळी माणसे तोच शब्द ऐकून लग्न करतात आणि संसाराला लागतात! म्हणजे सावध होण्याने पळून जावेच लागते असे नाही. अवधानासहित, लक्ष ठेवून असणे, एवढाच त्याचा अर्थ. भीती आणि सावधपण यांत मला एक फरक दिसतो. सावध माणसाला कुठे बघायचे ते ठाऊक असते, म्हणून उरलेल्या वेळी तो दुसरीकडे बघू शकतो. भ्यालेल्या माणसाला सगळीकडे बघावे लागते.

हे मला पुस्तकातून कळले नाही, भावोजींकडून कळले.

*

श्रावणातल्या त्या स्कॅननंतर लपवणे शक्यच नव्हते. वरच्या जबड्याचा भाग काढायचा होता. सांगण्याचे काम माझ्यावर आले. त्यांच्या कारखान्यात, अर्धवट झालेल्या एका पलंगाच्या कडेला बसून मी दोन्ही वर्षांचे सगळे सांगितले. ते ऐकत होते. हातात गज होता, तो उगीच उघडत-मिटत होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "मास्तर, गाल बधिर झाला त्याच दिवशी मी सांगितलं असतं की. मला वाटलं, वयाचं काय तरी असंल."

मी गप्प. मग ते म्हणाले, "कीड लागलेली फळी गिऱ्हाइकाला न सांगता मी आजवर बसवली नाही. सांगायचं, ही अशी आहे, चालते का बघा. कधी तो म्हणतो चालंल. कधी म्हणतो बदला. पण त्याचं घर, त्यानं ठरवायचं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. तत्त्वज्ञानात ज्याला व्यक्तीची स्वायत्तता म्हणतात आणि ज्याच्यावर मी परीक्षेत वीस गुणांचे उत्तर लिहिले होते, ते चौथी शिकलेल्या माणसाने एका फळीत सांगितले.

शस्त्रक्रिया झाली. तोंडात टाळूच्या जागी बसवायची पट्टी मिळाली. ती आरशात धरून त्यांनी उलटसुलट पाहिली आणि डॉक्टरांना म्हणाले, "फिटिंग थोडं ढिलं आहे." डॉक्टर हसले, पण त्यांनी ती पुन्हा घासून दिली.

त्यानंतर त्यांनी आपला एक नियम केला. रविवारी सकाळी दाढीच्या वेळी बघायचे. दोन्ही गालांवर बोट फिरवायचे, एकेक नाकपुडी दाबून दुसरीतून श्वास घ्यायचा, मान चाचपायची, राहिलेले दात जिभेने ढकलून बघायचे, अक्काला डोळ्यांकडे नीट बघायला सांगायचे. काही निराळे वाटले तर कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने फुली. तीच फुली पुढच्या दोन रविवारी राहिली तर मला फोन. "आणि सोमवारी?" मी विचारले. "सोमवारी कामाला," ते म्हणाले. डॉक्टरांनी या नियमात एवढीच भर घातली की डोळ्याचे आणि रक्ताचे काही झाले तर रविवार बघू नका.

शाळेतल्या त्या बाईंना मी हा नियम सांगितला. भीती गेली नाही, असे त्या म्हणाल्या, पण तिला वार ठरवून दिल्यावर ती थोडी शिस्तीत आली. शिक्षकाला एवढे यश पुष्कळ झाले.

*

अशा घरांतल्या माणसांचे कर्तव्य काय, हे आता मला सांगता येईल असे वाटते.

पहिले, आधी विचारावे. प्रत्येकाला सगळे ऐकायचे असतेच असे नाही. 'तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' हा प्रश्न रोग्यालाच करावा. न जाणण्याचाही अधिकार आहे, पण तो त्याने वापरायचा. आपण त्याच्या वतीने कँटीनमध्ये वापरायचा नाही. आणि नाव ऐकायचे नसले तरी काय दिसले तर लगेच सांगायचे, एवढे त्याच्या हाती दिलेच पाहिजे.

दुसरे, त्याने काही सांगितले तर 'काही होत नाही, मनाचे खेळ आहेत' म्हणू नये, आणि लगेच रडारडही करू नये. दोन्हींचा परिणाम एकच होतो. पुढच्या वेळी तो सांगत नाही.

तिसरे खास आपल्या भागापुरते. आपले दवाखाने इंग्रजीत लिहितात, कन्नडात विचारतात, आणि आपण दुखतो मराठीत. 'जरा बधिर वाटतंय' हे दुखणे तीन भाषा ओलांडता ओलांडता 'पेन' होऊन कागदावर उतरते. बधिरपणा म्हणजे दुखणे नव्हे. इथे तर तो फरक फार मोलाचा. आपल्या माणसाबरोबर दोन्ही भाषा येणारे कोणीतरी असावे. 'जोमु' म्हणजे मुंग्या येणे, बधिर होणे, एवढा एक कन्नड शब्द जरी ठाऊक असला तरी अशा वेळी उपयोगी पडतो. आणि पहिल्या आजाराचे नाव, तारीख, कुठे शेक दिले, हे मराठीत लिहिलेला एक कागद रोग्याच्या खिशात असावा. दातांच्या डॉक्टरांकडे जातानासुद्धा. भाषेवरून आपण पुष्कळ भांडलो आहोत. रुग्णाच्या खाटेशी तरी दोन्ही भाषांनी एकमेकींचा हात धरावा.

आमच्या मौनाने भावोजींचे आयुष्य किती कमी झाले? मी डॉक्टरांना हे विचारले होते. त्यांनी मला सोडूनही दिले नाही आणि दोषही दिला नाही. लवकर कळले असते तर शस्त्रक्रिया कदाचित लहान झाली असती, म्हणाले. पुढचे कोणीच सांगू शकत नाही. मी त्या 'कदाचित'बरोबर राहतो आहे. त्याचे ओझे हलके करून मागण्याचा मला अधिकार नाही. निष्पत्ती आपल्या हाती नसते, हे खरे. पण माणसाला त्याच्याच घराबाहेर उभे करायचे नाही, हे तरी आपल्या हाती असते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ते सतरा महिने जगले. २०१७ च्या संक्रांतीनंतर गेले. त्या सतरा महिन्यांत आमच्यात लपवण्यासारखे काही उरले नव्हते, आणि इतक्या वर्षांत झाल्या नव्हत्या इतक्या गप्पा झाल्या. दुखण्याच्या फार थोड्या. लाकडाच्या, पावसाच्या, अक्काच्या हातच्या मासळीच्या, आणि तिचा वास आता येत नाही याच्या.

ते अर्धवट राहिलेला पलंग पुरा करून गेले. तो आमच्या माडीवर आहे. खालच्या बाजूला एका फळीत किडीचे बारीक भोक आहे. तेल भरून, ठोकून त्यांनी ते बंद केले, आणि दाखवूनही ठेवले. "इथं आहे बघा, मास्तर," म्हणाले. "वर्षातनं एकदा बघत जावा. रोज बघायचं नाही."

दिवाळीची साफसफाई करताना मी वाकून बघतो.